घरात खुणा बंद

प्रूफबाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भांडत होता.

छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर बाइंडिंगखाना होता आणि दुसऱ्यावर बाईंची खोली. छपाईआधी पानं वाचून त्यांतल्या चुका काढायच्या, हे बाईंचं काम. म्हणून लहानथोर सगळेच त्यांना प्रूफबाई म्हणत. एका पुस्तकात सोळा पानं उलटी शिवली गेल्याची तक्रार आली, तेव्हा ते पुस्तक काखेत मारून आणि नाकावर घसरलेला चष्मा वर ढकलत त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. लांबच लांब टेबलं, कागदाच्या चळती, खळीचा आंबूस वास आणि कापणी यंत्राची धडधड. पलीकडच्या टोकाला, खिडकीपाशी, एक तिशीतला माणूस रस्त्याकडे तोंड करून उभा होता आणि दोन्ही हातांनी कुणाला तरी फैलावर घेत होता. खिडकी बंद होती. खाली, गाड्यांच्या दोन रांगांपलीकडे, गळ्यात मोजपट्टी टाकलेला एक शिंपी आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून तितक्याच त्वेषानं हात उडवत होता.

"हे काय चाललंय?" बाईंनी मुकादमाला विचारलं.

"काल रात्री पत्त्यांत शिंप्यानं लबाडी केली म्हणे. सकाळपासून तिसऱ्यांदा जुंपलीय." मुकादम म्हणाला. "बरं आहे त्यांचं. आपल्याला एवढ्या लांबून भांडायचं तर घसा फाटेल आणि गल्लीला फुकट तमाशा."

तेवढ्यात त्या माणसानं काहीतरी शेवटचं सुनावलं. शिंपी पोट धरून हसत पायरीवरच बसला. माणूस वळला, बाईंना पाहिलं, त्यांच्या काखेतलं पुस्तक पाहिलं आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत ते काढून घेतलं. सोळा पानांचा तो उलटा फर्मा त्यानं लगेच शोधला, शिवण बोटानं चाचपली, मान हलवली आणि तिसऱ्या टेबलावरच्या एका पोक्त गृहस्थाकडे बोट दाखवलं. ते गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "याला दोऱ्याच्या गाठीवरून माणूस ओळखता येतो. पोलिसात जायचा तो इथे आला."

त्याला सगळे पट्टी म्हणत. घडी घातल्यावर तिच्यावरून दाबून फिरवायची एक गुळगुळीत हाडाची पट्टी असते, ती तो सदैव उजव्या कानामागे खोचून ठेवायचा. पुढे ओळख झाल्यावर बाईंनी त्याला विचारलं, खिशात का नाही ठेवत? त्यानं हातानं सांगितलं, "कान जन्मापासून बेकार आहे. काहीतरी कामाला लागू दे."

बाईंना त्याचं बोलणं समजायला लागायला दोन वर्षं गेली. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन वर जाऊ लागल्या, आधी कुतूहलानं, मग सवयीनं. त्याच्या भाषेत प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं. बाईंचं नाव म्हणजे एका बोटानं नाकावरचा चष्मा वर ढकलायचा. मुकादमाचं नाव म्हणजे तपकिरीची चिमूट. ही भाषा त्याला शाळेनं दिली नव्हती. बहिऱ्या मुलांच्या त्याच्या शाळेत हात बाकाखाली ठेवून बसावं लागे, बोट हललं की रूळ बसे. दहा वर्षांत तिथे तो तोंडानं 'आई', 'पाणी' आणि स्वतःचं नाव म्हणायला शिकला, तेही परक्याला उमगत नसे. खरं बोलायला शिकला तो मधल्या सुट्टीत, संडासामागच्या भिंतीआड, मोठ्या मुलांकडून. शिंपी त्यांतलाच एक. लिहिलेलं वाचायचं तर तीन-चार शब्दांचं वाक्य त्याला कळे, त्याहून लांब झालं की तो हात जोडायचा आणि म्हणायचा, "बाई, या गल्लीला शेवट आहे का?" आयुष्यभर तो पुस्तकं बांधत होता आणि त्यांतलं एकही त्यानं वाचलेलं नव्हतं. याचं त्याला फारसं काही वाटत नसे. हलवायाला कुठे रोज गोड लागतं, तसंच.

घरी दोन खोल्या, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात आई आणि बायको, दोघी ऐकणाऱ्या. आईच्या खुणा दहा-बारा आणि त्यातल्या निम्म्या रागवायच्या. बायको औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायची. मनानं निर्मळ, हातानं घाईची. तिच्या खुणा संसाराला पुरत, गप्पांना पुरत नसत. त्यामुळे पट्टी बोलायचा तो बाइंडिंगखान्यात बाईंशी, रस्त्यापलीकडे शिंप्याशी आणि आठवड्यातून एकदा बहिऱ्यांच्या मंडळात. घरी तो भला माणूस होता, पण मुका होता.

मग त्याला मुलगी झाली. दहाव्या महिन्यात तपासणीत कळलं की तिला ऐकू येत नाही. आजीनं अंथरूण धरलं, बायकोनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. पट्टी तिसऱ्या दिवशी कामावर आला, बाईंना कोपऱ्यात घेऊन गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि छातीशी अगदी लहान हात करून, कुजबुजावं तसं म्हणाला, "माझी मुलगी माझ्यासारखी आहे. कुणाला सांगू नका, मला आनंद झालाय."

बाईंनी कुणाला सांगितलं नाही.

मुलीच्या हनुवटीवर तीळ होता. त्यानं तिचं खुणेचं नाव ठेवलं, हनुवटीला टेकवलेलं बोट. बाई तिला तिळू म्हणू लागल्या आणि हळूहळू घरचेही. दीड वर्षाची तिळू हातांनी घडाघडा बोलायला लागली. शेजारच्या ऐकणाऱ्या पोरांना 'बाबा, पाणी'च्या पुढे येत नव्हतं तेव्हा हिचं 'पुन्हा कर', 'मला नको', 'तू खोटारडा' सुरू झालं होतं. रोज सकाळी पट्टी जिन्यातच बाईंना गाठायचा आणि कालची बातमी सांगायचा. एकदा अर्धा चंद्र पाहून ती म्हणाली होती, "तुटला. बाबा, चिकटव." हे त्यानं बाईंना सांगितलं, मुकादमाला सांगितलं, कापणी यंत्रावरच्या माणसाला सांगितलं, आणि खिडकीतून शिंप्याला.

इस्पितळातून बोलावणं आलं तेव्हा तिळू सव्वादोन वर्षांची होती. मोफत ऑपरेशनच्या सरकारी योजनेत तिचं नाव बसत होतं. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे कानामागच्या हाडात ऑपरेशन करून एक बारीक यंत्र बसवायचं, आणि बाहेरून डोक्याला चुंबकानं चिकटणारी एक चकती लावायची. आवाज थेट आतल्या नसेला पोचतो. डॉक्टर म्हणाले, करायचं तर तीन वर्षांची व्हायच्या आत. मेंदू नंतर ती दारं बंद करून घेतो.

त्या संध्याकाळी पट्टीनं बाईंना दुभाष्या म्हणून घरी नेलं. आजीनं बाईंना खुर्ची दिली आणि त्या टेकायच्या आत सुरुवात केली.

"बाई, याला सांगा. एकाला असं वाढवलंय मी. रस्त्यानं पुढे चालायचा आणि मागून गाडी यायची. मी ओरडायची, सगळी दुनिया वळून बघायची, एक हा सोडून. चाळीस वर्षं जीव मुठीत घेऊन बसलेय. आता पुन्हा तेच? माझ्यात तेवढं बळ नाही."

बायको म्हणाली, "मी यांच्याशी लग्न केलं ते डोळे उघडे ठेवून. मला त्याचं दुःख नाही. पण पोरीनं मला हाक मारू नये, असं कुठे ठरलं होतं? एकदा तरी 'आई' म्हणू दे. दुसऱ्या खोलीतून म्हणू दे."

बाईंनी हे सगळं जसंच्या तसं हातांनी सांगितलं. पट्टीनं तिळूकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती आत्ता माझ्याशी बोलते. उद्या ऐकायला लागली की तुमच्याशी बोलेल. माझ्याशी कोण बोलेल?"

"दोन्ही करेल की," बाई म्हणाल्या. "माणसाला दोन भाषा येतात." हे त्यांना मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिंप्याला विचारलं. शिंप्यानं सुई खाली ठेवली. "ती आजारी आहे का?" तो म्हणाला. "नाही ना? मग डोकं कशाला फोडायचं? ते आपल्याला बरं करत नाहीत, ते आपल्याला संपवतात. आपली मुलं एकेक करून नेतात, आणि उद्या मंडळात तू आणि मी, दोन म्हातारे, पत्ते खेळत बसू." पट्टीनं बाईंना हेही सांगितलं. दोन्ही पारड्यांत वजन होतं. तो आठवडाभर घडी चुकवत होता, जे त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

निकाल लागला तो भलत्याच गोष्टीवर. त्याच आठवड्यात तपकीरवाला मुकादम निवृत्त झाला. बाइंडिंगखान्यात सगळ्यांत जाणता हात पट्टीचा. निम्म्या माणसांना शिवण त्यानंच शिकवलेली. मुकादमी गेली त्याच्या हाताखाली शिकलेल्या एका माणसाकडे. मालक वाईट नव्हते. बाईंना म्हणाले, "मला कळतं हो. पण गिऱ्हाइकांचे फोन कोण घेणार?"

पट्टीला हे सांगायची वेळ बाईंवर आली. त्यानं ऐकून घेतलं, भिंतीवरच्या काळ्या टेलिफोनकडे पाहिलं, मग संमतीपत्राचा कागद खिशातून काढून टेबलावर पसरला आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

मंडळात ही बातमी त्याच्याआधी पोचली. ऐकणाऱ्या माणसांत अबोला धरायचा तर तोंड बंद ठेवतात. तिथे उलटं असतं. पट्टी बोलायला लागला तेव्हा शिंप्यानं त्याच्यासमोर डोळे मिटून घेतले आणि तो उठून जाईपर्यंत उघडले नाहीत.

ऑपरेशन ठीक झालं. जखम भरल्यावर महिन्याभरानं यंत्र सुरू करायचं ठरलं. त्या दिवशी थेरपीच्या खोलीत बुटक्या खुर्च्यांवर पट्टी, बायको, बाई असे तिघं गुडघे हनुवटीला लावून बसले होते. थेरपीच्या ताईंनी संगणकावर काहीतरी दाबलं आणि हलकेच टाळी वाजवली. तिळूचा खेळ थांबला. तिचा खालचा ओठ थरथरला, हात डोक्याकडे गेला. ती बापाकडे वळून म्हणाली, "डोक्यात पक्षी." पट्टी उत्तर देणार तोच ताईंनी हसत तिचे दोन्ही चिमुकले हात आपल्या हातात धरून खाली ठेवले.

"आता हात नको हं, राणी. आता ऐकायचं."

मग त्या मोठ्यांकडे वळल्या. "हे नीट समजून घ्या. डोळ्यांनी आयतं मिळत असेल तर मूल ऐकायचे कष्ट घेत नाही. म्हणून पहिलं वर्षभर घरात खुणा नकोत, कुणाच्याच. सगळं तोंडानं. काहीजण म्हणतात की खुणांनी बिघडत नाही, वाद आहे याच्यावर, मला माहीत आहे. मी माझ्या अनुभवाचं सांगते. वर्षानं बोलणं रुळलं की वडिलांच्या खुणा पुन्हा सुरू करा. तेव्हा मीच सांगेन."

बायको हुंदके देत होती, कारण तिनं 'तिळू' म्हटल्यावर तिळूनं मान वळवली होती. आयुष्यात पहिल्यांदा. पट्टी बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. त्याला महत्त्वाचं काही कळवायचं असलं की बाई ते कागदावर लिहून देत, म्हणजे तो घरी पुन्हापुन्हा पाहू शकायचा. त्याला लांब वाक्य झेपत नाही हे त्यांना पाठ होतं, आणि अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांतले फाजील शब्द खोडण्यात गेलेलं. त्यांनी पर्समधून एक कार्ड काढलं आणि ठळक अक्षरात लिहिलं:

घरात खुणा बंद. तिळूशी फक्त तोंडाने.

वर्षाचं नंतर हातानं सांगू, असं त्यांच्या मनात होतं. पण तेवढ्यात तिळू रडायला लागली, बायको तिला घेऊन बाहेर पळाली, तिच्यामागे सगळेच उठले. रस्त्यात गर्दी होती, बस आली. ते राहिलं ते राहिलंच.

पट्टीनं त्या कार्डाला मागून पुठ्ठा लावला, कडांना कापडाची पट्टी चिकटवली, कोपरे दुमडून चोख केले आणि घरी कपाटाच्या दाराला आतून लावून टाकलं. काम म्हणजे काम.

पुढचे तीन महिने तो जिन्यात बाईंना गाठायचा, पण बातमी सांगायचा ती वेगळी. "काल तिनं तीन वेळा हाक मारली. हनुवटीला बोट लावून समोर उभी राहिली. मी हात मांडीखाली घातले." एकदा म्हणाला, "हात रिकामे असले की बोलतात. म्हणून आता फर्मे घरी नेतो घड्या घालायला." बाई म्हणाल्या, "धीर धर." एवढंच म्हणाल्या.

आणि मग त्या गावातून गेल्याच. दुसऱ्या शहरात त्यांच्या मोठ्या बहिणीला पक्षाघात झाला, बघणारं दुसरं कुणी नव्हतं. महिन्याची रजा घेऊन गेलेल्या बाई पाच वर्षांनी परत आल्या, बहिणीचं सगळं करून. छापखान्यातली त्यांची खोली आता संगणकांनी भरली होती. मालकांनी जुन्या ओळखीनं आठवड्यातून दोन दिवस काम दिलं.

पहिल्याच दिवशी त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. पट्टीचे केस पिकले होते. त्याला पाहून त्यांचे डोळे भरले आणि त्यानं चष्मा वर ढकलायची खूण केली. पण पुढची वाक्यं अडखळत आली, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या कुलपासारखी. "तिळू बोलते," तो म्हणाला. "शाळेत जाते, साध्या. फोनवर बोलते. फोनवर!" त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. जुना काळा टेलिफोन जाऊन तिथे नुसता एक खिळा उरला होता.

रविवारी बाई त्याच्या घरी गेल्या. दार तिळूनं उघडलं. आठ वर्षांची, कानामागे यंत्र, केसांत चकती आणि तोंडाची टकळी अखंड. एखादा शब्द घरंगळायचा, एखादं अक्षर बोथट यायचं, पण ते शोधणाऱ्यालाच सापडावं. तिनं बाईंना आपली वही दाखवली, कविता म्हणून दाखवली, आजीच्या घोरण्याची नक्कल केली. आजी म्हणाली, "हिला आता बंद करायचं बटण कुठे मिळतं ते विचारा त्या डॉक्टरांना." आणि सगळ्या हसल्या. यंत्राचा दोष काढावा तर जीभ झडेल, असं बाईंना वाटलं. ते आपलं काम चोख करत होतं.

पट्टी कोपऱ्यात चटईवर बसून घड्या घालत होता. समोर छापील कागदांची गुडघाभर चळत.

"बाबांशी बोललीस का आज?" बाईंनी सहज विचारलं.

"बाबा कामात असतात," तिळू म्हणाली. "बाबांना बोलता येत नाही ना. आईनं सांगितलं तर त्यांना कळतं."

बाईंना काहीतरी चुकल्यासारखं झालं. त्या पट्टीकडे वळल्या आणि हातांनी म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे रे. तुझ्यासारखीच खोडसाळ." तो विसरला. कागद खाली ठेवून त्यानं उत्तर दिलं, आणि एकदा बांध फुटल्यावर बोलतच गेला: शाळेचं, तिच्या वहीच्या पुठ्ठ्याचं, तो सुटला तेव्हा तिच्या नकळत त्यानं तो कसा बांधून दिला त्याचं. चेहरा, भुवया, खांदे, सगळा माणूस बोलत होता.

तिळू तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"आई," ती ओरडली, "आई, लवकर ये! बाबा बघ काय करतायत! बाबांना एवढं बोलता येतं?"

पट्टीनं तिच्याकडे पाहिलं. दोन्ही हात झटकन मांडीखाली गेले. त्याची नजर एकदा कपाटाकडे जाऊन आली. दार अर्धवट उघडं होतं. बाईंनी आत आपलं अक्षर पाहिलं. कडांना कापड, कोपरे चोख.

स्वयंपाकघरात त्यांनी बायकोला गाठलं. "ते वर्षापुरतं होतं ना गं? तू होतीस तिथे. वर्षापुरतं म्हणाल्या होत्या."

"हो, वर्षच म्हणाल्या होत्या," बायको म्हणाली. "मग त्यांची बदली झाली. नवीन ताई काही बोलल्या नाहीत. वर्ष झालं, दीड झालं, हे काही हात काढेनात. मला वाटलं, यांना नकोच असेल. ऑपरेशनचा राग मनात धरलाय म्हटलं. माझ्या मनाविरुद्ध करून घेतलंत ना, मग बसा आता, असं. मी कशाला विचारू? विचारायचं तरी कसं, एवढं लांबलचक?"

आजी दारातून म्हणाली, "आणि चाललं होतं चांगलं. चांगलं चाललेलं कशाला मोडा."

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. मग उठून बाहेर आल्या, पट्टीसमोर चटईवर मांडी घालून बसल्या आणि त्याला सगळं सांगितलं. ताई काय म्हणाल्या होत्या. आपण काय लिहिलं. काय गाळलं. का गाळलं. हातानं सांगताना खोटं लपत नाही, चेहरा उघडा ठेवावा लागतो.

त्यानं एक बोट वर केलं. "एक वर्ष?"

"एक."

त्यानं ते बोट थोडा वेळ तसंच धरलं. त्याला राग आला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यानं पुढचा कागद घेतला, घडी घातली, पट्टी फिरवली. मग म्हणाला, "तुमची चूक नाही. मी विचारायला हवं होतं. मला शाळेची सवय."

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवसापासून फर्मे घरी नेणं बंद केलं. संध्याकाळी तो तिळूला समोर बसवून एकेक खूण दाखवायचा आणि तिळूलाही आधी मजा वाटली. आठवड्याभरात पंधरा-वीस खुणा झाल्या. हनुवटीला बोट लावून त्यानं सांगितलं, ही तू. ती म्हणाली, "मी? मला आठवत नाही." बाई रविवारी जाऊन मधे बसायच्या. पण शाळेचा अभ्यास होता, बोलण्याचे क्लास होते, मैत्रिणी होत्या. पंधरा खुणांत बाप मुलीला काय सांगणार? जेव, ये, शाळा, छान. आजीच्या खुणा होत्या तेवढ्याच.

दोन महिन्यांनी एकदा बापलेक आणि बाई बसस्टॉपवर उभी होती. समोरच्या भिंतीवर एक मांजर तोल सावरत चाललं होतं आणि पट्टीनं ते तिळूला हातांनी दाखवलं, मांजराची ऐट, शेपटी, सगळं. कुणालाही हसू यावं असं. रांगेतल्या दोन शाळकरी मुली वळून पाहायला लागल्या. आधी त्याच्या हातांकडे, मग तिळूच्या डोक्यावरच्या चकतीकडे. तिळूनं पुढे होऊन बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि खाली दाबले. रागानं नव्हे. हळूच, समजुतीनं, मोठ्या माणसासारखं.

"इथे नको ना, बाबा."

शब्द त्याला ऐकू आले नाहीत. बाई सांगायला वळल्या, पण त्यानं मान हलवली. कळलं, म्हणाला.

त्यानंतर त्यानं पुन्हा फर्मे घरी आणायला सुरुवात केली. एकदा बाईंच्या आग्रहाखातर तो मंडळातही जाऊन आला. मंडळ नव्या जागेत गेलं होतं. शिंप्यानं डोळे मिटले नाहीत. उलट खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि तब्येत विचारली, पाहुण्याला विचारतात तशी. तरुण मुलं भराभर बोलत होती, त्यातलं अर्धं त्याला समजलं नाही. तासाभरानं तो उठला. "कुणी भांडलंसुद्धा नाही," त्यानं बाईंना सांगितलं.

बाई आता छापखान्यात जात नाहीत. डोळे साथ देत नाहीत, आणि ज्याला दिसत नाही अशा माणसाशी पट्टीनं बोलायचं तरी कसं? भेट झाली की तो त्यांचा हात हातात घेऊन थोडा वेळ बसतो.

तिळू नववीत आहे. वर्गात तिचा नंबर पहिल्या पाचांत असतो, आणि गेल्या वर्षी वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं. बोलताना ती बापाकडे तोंड करते, ओठ सावकाश हलवते, चिडत नाही. त्याला दहातले तीन शब्द कळतात. शाळेत पालकसभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. सभेला आई जाते. पट्टी त्या दिवशी कामावर असतो.